एबीएसचा पिवळा दिवा : निदान आणि दुरुस्ती

मोटारगाडीच्या दर्शनी फलकावरील 'एबीएस' अक्षरांचा पिवळा दिवा लागून राहिला म्हणजे गाडीतील कोणता भाग बिघडला, असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. आणि गॅरेजमध्ये त्याचे उत्तरही बहुधा तत्काळ मिळते. 'सेन्सर गेला' हे ते उत्तर होय. सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो, आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. या व्यवहारात कारागिराचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. पुष्कळदा मूळ प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. कोणता भाग बिघडला हे तो दिवा सांगत नाही. आपल्याकडे आलेल्या एखाद्या संदेशावर नियंत्रकाचा विश्वास बसला नाही, एवढेच तो सांगतो. त्या अविश्वासाचे कारण शोधून काढणे हे मनुष्याचे काम असून ते अनुमानाचे आणि मोजमापाचे काम आहे. त्याची रीत कशी असावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांस पुढील एक-दोन परिच्छेदांतील मजकूर परिचित असेल. परंतु इतर शाखांतील वाचकांसाठी मूळ तत्त्व प्रथम सांगणे अवश्य आहे.

धावत्या गाडीचा ब्रेक दाबला असता चाकाच्या परिघाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा कमी होतो. या दोन वेगांतील अंतराचे गाडीच्या वेगाशी जे प्रमाण पडते त्यास येथे 'घसर' म्हणू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही घसर शेकडा १० ते २० च्या आसपास असते तेव्हा टायरची रस्त्यावरील पकड सर्वांत अधिक असते. ती शेकडा १०० झाली, म्हणजे चाक पुरते जखडले, की पकड घटते. आणि त्याहूनही घातक गोष्ट अशी की आडव्या दिशेने बल देण्याची टायरची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. अशा वेळी स्टिअरिंग कितीही फिरविले तरी गाडी सरळच जाते. चाक जखडू लागले की त्याच्या ब्रेकवरील तेलाचा दाब क्षणमात्र कमी करावयाचा, चाक फिरू लागले की पुन्हा वाढवावयाचा, आणि हे एका सेकंदात अनेकदा करावयाचे, हे एबीएसचे कार्य होय. गाडी थोड्या अंतरात थांबविणे हा त्याचा मुख्य हेतू आहे असा सर्वत्र समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. सुट्या खडीवर किंवा वाळूवर जखडलेले चाक पुढे ढीग लोटून कधी कधी अधिक लवकर थांबते. गाडी वळविता यावी हा खरा हेतू.

ही कल्पना मोटारींत आली ती विमानांतून. डनलॉप कंपनीची 'मॅक्सरेट' ही यांत्रिक योजना १९५० नंतरच्या दशकात विमानांच्या चाकांवर बसविली जाऊ लागली, आणि १९६६ साली जेन्सन एफएफ या इंग्रज मोटारीत तिचा उपयोग झाला. आज जी पद्धती सर्वत्र दिसते ती बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीज-बेन्झच्या एस-क्लास गाडीत आणलेल्या इलेक्ट्रॉनिक योजनेची वंशज आहे. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे या दिव्याचा प्रश्न आता महागड्या परदेशी गाड्यांपुरता राहिलेला नाही. जुन्या बाजारात घेतलेल्या लहान मोटारीच्या मालकासही तो भेडसावतो.

या योजनेत नियंत्रक सर्वस्वी चार चाकांच्या वेगांवर अवलंबून असतो. गाडीचा खरा वेग त्याला स्वतंत्रपणे कळत नाही. चारही चाकांच्या वेगांची तुलना करून तो त्याचा अंदाज बांधतो. चाकाचा वेग मोजण्याचे दोन प्रकार प्रचारात आहेत, आणि निदान करणाऱ्याने आपल्यापुढील गाडीत कोणता प्रकार आहे हे आरंभीच निश्चित केले पाहिजे. जुन्या प्रकारात लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी असते व तिच्यासमोरून चाकाबरोबर फिरणारे दातेरी लोखंडी कडे जाते. प्रत्येक दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळीत प्रत्यावर्ती दाब उत्पन्न होतो. नव्या प्रकारात सेन्सरला नियंत्रकाकडून वीज पुरविली जाते, आणि तो आपला संदेश प्रवाहाच्या दोन पातळ्यांनी, साधारणतः ७ व १४ मिलिअँपिअर, परत पाठवितो. त्याच्या समोर दातांऐवजी पुष्कळदा चुंबकीय पट्टी असते. तिच्यावर उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने उमटविलेले असतात, आणि ती चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच बसविलेली असते.

या दोहोंतील भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. समजा कड्याला ४८ दात आहेत आणि चाकाचा परिघ १.९ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असता चाकाचे सुमारे सव्वापाच फेरे होतील व सेकंदाला सुमारे २५३ स्पंद येतील. वेग दशमांश झाला तर स्पंदही दशमांश, म्हणजे २५ च्या आसपास, होतील. नव्या सेन्सरच्या दृष्टीने एवढाच फरक पडतो. जुन्या सेन्सरचा मात्र विद्युत्-दाबही त्याच प्रमाणात खाली येतो, कारण तो क्षेत्र किती त्वरेने बदलते यावर अवलंबून आहे. शिवाय सेन्सरचे टोक आणि दात यांमधील फट थोडी जरी वाढली तरी तो दाब झपाट्याने उतरतो. ही फट सामान्यतः एका मिलिमीटरच्या आगेमागे असते. म्हणून जुन्या प्रकारातील बिघाड मंद वेगात आधी प्रकट होतो.

गाडीची चावी फिरविताच नियंत्रक स्वतःची परीक्षा घेतो. त्या वेळी पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागतो व विझतो. नंतर गाडी चालू लागली की अल्प वेगातच तो पंपाची मोटर व झडपा क्षणभर चालवून पाहतो. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी पुढून बारीक घर्र असा आवाज येतो, आणि नव्या मालकास तो बिघाडच वाटतो. जुनी गाडी घेणाऱ्याने चावी फिरविल्यावर दिवा *लागतो* की नाही हे अवश्य पाहावे. मुळीच न लागणारा दिवा हा विझलेल्या दिव्यापेक्षा वाईट, कारण विकणाऱ्याने दिवाच काढून टाकला असण्याचा संभव असतो.

पिवळा दिवा एकटाच लागून राहिला असेल तर साधा ब्रेक शाबूत असतो. केवळ जखडण्यापासूनचे संरक्षण गेलेले असते. घसरण रोखणारी स्थैर्य-नियंत्रणाची योजना गाडीत असल्यास तीही याच संदेशांवर चालत असल्याने बंद पडते. गाडी जपून चालविता येते. परंतु पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला तर गोष्ट निराळी आहे. हँडब्रेक ओढलेला नाही व टाकीतील तेलाची पातळी योग्य आहे असे आढळल्यावरही दोन्ही दिवे कायम असतील, तर पुढील व मागील चाकांमधील ब्रेकच्या बलाची वाटणी करणारी व्यवस्थाही निकामी झाली आहे असे धरावे. पूर्वी ही वाटणी एक यांत्रिक झडप करीत असे. आता ती बहुतेक गाड्यांत एबीएसच्याच नियंत्रकाकडे सोपविलेली आहे. ती गेली की जोराचा ब्रेक लागताच मागील चाके आधी जखडून गाडी गरकन फिरू शकते. अशी गाडी चालवीत गॅरेजपर्यंतही नेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडील नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान ग्राह्य मानले. पण अग्नीवरून धुराचे अनुमान ग्राह्य मानले नाही, कारण तेथे ओल्या सरपणाची उपाधी आड येते. आपल्या विषयात हा विवेक नित्य लागतो. दिवा लागला आहे त्या अर्थी कोठे तरी दोष आहे, हे अनुमान बरोबर. दिवा लागलेला नाही त्या अर्थी दोष नाही, हे अनुमान चूक. आणि अमुक चाकाचा सांकेतिक क्रमांक आला त्या अर्थी त्या चाकाचा सेन्सर बिघडला, हे तिसरे अनुमान सर्वांत अधिक प्रचलित व सर्वांत अधिक खर्चाचे आहे.

या तिसऱ्या अनुमानाचा विचार करू. नियंत्रकाच्या स्मरणात साठलेले क्रमांक यंत्राने वाचता येतात. एंजिनपुरते क्रमांक वाचणारी स्वस्त यंत्रे येथे पुष्कळदा उपयोगी पडत नाहीत. ब्रेकच्या नियंत्रकाशी बोलू शकणारे यंत्र लागते. सी ००३५ हा क्रमांक घ्या. तो पुढील डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या *मंडलाचा* आहे. मंडल हा शब्द गॅरेजच्या बोलण्यात गळून जातो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. या मंडलात सेन्सर आहे, त्याची वायर आहे, वायरीचे जोड आहेत, समोरचे कडे किंवा चुंबकीय पट्टी आहे, ती ज्यावर बसली ते बेअरिंग आहे, आणि शेवटी नियंत्रकाचे आपले प्रवेशद्वारही आहे. क्रमांक केवळ मोहल्ला दाखवितो. घर शोधावयाचे राहतेच.

घर शोधण्याचा पहिला उपाय फुकटचा आहे, व तो म्हणजे दिवा केव्हा लागतो याची मालकाकडे बारकाईने चौकशी करणे. चावी फिरविल्यापासून दिवा विझतच नसेल तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, निसटलेला जोड किंवा खुद्द नियंत्रक यांचा संशय घ्यावा, कारण गाडी उभी असताना नियंत्रक मुख्यतः विजेच्या वाटाच तपासू शकतो. गाडी चालू लागून ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेग झाल्यावर दिवा लागत असेल तर वाट शाबूत आहे, पण तिच्यावरून येणारा संदेश अविश्वसनीय आहे. कडे, पट्टी, फट वा बेअरिंग यांकडे वळावे. केवळ वळणावर किंवा खड्ड्यात लागत असेल तर चाकाबरोबर हेलकावणारी वायर आतून तुटली आहे किंवा बेअरिंग ढिले झाले आहे. पावसानंतर लागून उन्हात विझत असेल तर जोडात पाणी शिरते आहे. या चौकशीस पाच मिनिटे लागतात, आणि तरीही ती सहसा केली जात नाही.

त्यानंतर बॅटरी पाहावी. विद्युत्-दाब फार उतरला असता नियंत्रक आपण होऊन काम थांबवितो. सकाळी एंजिन सुरू करताना क्षणमात्र असे झाले तरी क्रमांक नोंदला जातो. ब्रेकच्या पायपट्टीवरील स्विच खराब झाल्यानेही हा दिवा लागू शकतो. मागचे ब्रेकदिवे लागतात की नाही एवढे पाहिले तरी त्याचा बराचसा उलगडा होतो. सांकेतिक क्रमांक पुसण्यापूर्वी ते सर्व लिहून घ्यावेत. आधी पुसून मग विचार करावयास बसणे म्हणजे रोग्याचा ताप उतरवून मग नाडी पाहणे होय.

मग चारही चाकांचे वेग यंत्राच्या पडद्यावर एकाच वेळी पाहत मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी. हे काम दोघांनी करावयाचे आहे, चालविणाऱ्याने पडदा पाहू नये. एका चाकाचा वेग शून्यच राहिला, मंद वेगात इतरांआधी शून्यावर गेला, अधूनमधून कोसळला, किंवा सर्वकाळ ठरावीक प्रमाणात कमी-अधिक राहिला, तर या चारही गोष्टींचे अर्थ निराळे आहेत. ठरावीक प्रमाणाचा फरक असेल तर सेन्सरला हात लावण्याचे कारण नाही. त्या चाकावर वेगळ्या मापाचा टायर आहे किंवा त्यातील हवा गेली आहे. प्रत्येक फेऱ्याला एकदा वेग कोसळत असेल तर कड्याला तडा गेलेला असतो. हे कडे पुष्कळ गाड्यांत चाक फिरविणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर घट्ट बसविलेले असते. त्याच्या खाली गंज धरला की गंज फुगतो व कडे एका जागी उलते. उललेल्या जागी दोन दातांमधील अंतर वाढते, आणि चाक क्षणभर मंदावले असे नियंत्रकास वाटते. नवा सेन्सर येथे काय करणार? तो उलट ती चूक अधिक निष्ठेने कळवील.

आता मोजमाप. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रोध बहुधा ८०० ते २५०० ओहम असतो. निर्मात्याचा आकडा हाताशी नसेल तर त्याच अक्षावरील दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करावी. चाक उचलून हाताने सेकंदास एक फेरा या गतीने फिरविले असता दशांश व्होल्टच्या घरात प्रत्यावर्ती दाब मिळावयास पाहिजे. नव्या प्रकारच्या सेन्सरवर रोधमापक लावू नये. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असल्याने मिळणारा आकडा निरर्थक असतो, व मापकाच्या विजेने सेन्सरला अपायही होऊ शकतो. तेथे जोड सोडून, चावी चालू ठेवून, पुरवठा येतो की नाही हे पाहावे, आणि मग मिलिअँपिअर मापक मालिकेत जोडून चाक अगदी हळू फिरवावे. आकडा ७ व १४ यांच्या आसपास उड्या मारू लागला म्हणजे सेन्सर आणि पट्टी दोन्ही जिवंत आहेत.

रोधमापकाविषयी आणखी एक सूचना. पंपाच्या मोटरीस चालताना अनेक अँपिअर प्रवाह लागतो. तिच्या जाड वायरीतील एक धागा तेवढा शिल्लक राहिला तरी रोधमापक शून्याजवळचा आकडा दाखवितो, कारण तो स्वतः अत्यल्प प्रवाह सोडून मोजतो. ती वाट तपासावयाची तर यंत्राच्या आज्ञेने मोटर चालती ठेवून बॅटरीचे ऋण टोक व मोटरीची भूमीजोडणी यांमधील दाब मोजावा. तो काही दशांश व्होल्टपेक्षा अधिक भरला तर भूमीजोडणीचा बोल्ट गंजला आहे. नवा पंप मागविण्याच्या बेतात असलेल्या मालकाचे काम अशा वेळी खरवडकागदाच्या तुकड्याने भागते.

चुंबकीय पट्टीच्या गाड्यांत एक विशेष प्रकार आढळतो. बेअरिंग नवे घातले आणि लगेच दिवा लागला. कारागीर म्हणतो, माझा संबंध नाही, सेन्सर गेला. वस्तुतः बेअरिंगच्या दोन बाजू दिसावयास सारख्या असतात, पण चुंबकीय पट्टी एकाच बाजूस असते. ती बाजू बाहेर गेली तर सेन्सरसमोर साधे सील येते व त्या चाकाचा वेग कायमचा शून्य दिसतो. बसविण्यापूर्वी कागद अडकवावयाची बारीक टाचणी दोन्ही बाजूंस लावून पाहावी. जी बाजू तिला ओढील ती सेन्सरकडे. एकदा दाबून बसविलेले बेअरिंग बहुधा काढताना खराब होते, म्हणून ही टाचणी पुष्कळ महाग वस्तू वाचविते.

दिवा न लागताही दोष कसा असू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००२ या वर्षांच्या सिल्व्हराडो, सिएरा इत्यादी मोठ्या गाड्यांत पुढील चाकाच्या हबवर सेन्सर ज्या पृष्ठावर बसतो तेथे गंज धरत असे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हा प्रकार विशेष होता. गंजाने सेन्सर उचलला जाई, फट वाढे, आणि गाडी थांबत आली असता त्या चाकाचा संदेश इतरांआधी क्षीण होई. नियंत्रकाचा तर्क सरळ : हे चाक जखडले. तो त्या चाकावरील दाब सोडी, आणि गाडी थांबावयास अधिक अंतर लागे. २००५ मध्ये कंपनीने त्या राज्यांतील गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. आपल्या कोकणपट्टीतील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हेही लोखंडाचे मित्र नव्हेत. गाडी थांबता थांबता पायपट्टी कारणावाचून थरथरू लागली तर दिवा विझलेला असला तरी हे पृष्ठ उघडून पाहावे.

अशा ठिकाणी दुरुस्ती म्हणजे सेन्सर काढून ती बैठक उजळ धातू लागेपर्यंत साफ करणे, गंजरोधक लावणे आणि सेन्सर पुन्हा पूर्ण टेकवून बसविणे. गंजाने धरलेला सेन्सर पकडीने ओढल्यास त्याचे टोक आतच तुटते. गंज सुटणारे तेल घालून त्याला हळूहळू दोन्ही बाजूंस फिरवीत काढावे. तुटलेल्या वायरीचा जोड दोन्ही तारांवर एकाच जागी न घेता मागेपुढे घ्यावा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, आणि दोन तारांचा पीळ शक्य तेवढा राखावा. बाहेरच्या विद्युत्-गोंधळापासून संदेशाचे रक्षण तो पीळ करतो. तपासण्यासाठी वायरीच्या आवरणात सुई खुपसण्याची सवय वाईट, कारण त्याच भोकातून पाणी शिरून पुढील वर्षी तीच तार हिरवी होते.

सर्व चाके, वायरी व जोड निर्दोष ठरल्यावरच नियंत्रकाकडे यावे. एंजिनजवळच्या उष्णतेने व कंपाने त्यातील बारीक जोड तडकतात. १९९० नंतरच्या दशकातील व्होल्वो ८५० मालिकेतील गाड्या यासाठी कारागिरांत प्रसिद्ध आहेत. पुष्कळ गाड्यांत नियंत्रक तेलाच्या ठोकळ्यापासून, ब्रेकच्या नळ्या न सोडता, वेगळा करता येतो, व असा तडकलेला जोड निष्णात हात पुन्हा डाख देऊन सुधारू शकतो. नवा ठोकळा घातला तर आतील हवा काढण्यासाठी झडपा यंत्राकरवी उघडाव्या लागतात. नुसती पायपट्टी मारून ती हवा निघेलच असे नाही. संकरित गाड्यांत ब्रेकचे तेल मोठ्या दाबाखाली साठविलेले असते. निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे तो दाब उतरविल्यावाचून तेथील नळी सोडू नये.

दुरुस्ती झाल्यावर क्रमांक पुसून गाडी पुन्हा चालवावी. काही गाड्यांत दोष दूर झाला तरी चाकांचे वेग प्रत्यक्ष धावेत पारखून घेतल्याखेरीज नियंत्रक दिवा विझवीत नाही. तेव्हा गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिवा दिसतो म्हणून नव्याने खोलाखोल करू नये. मोकळ्या, सपाट जागी ताशी तीस किलोमीटर वेगाने जाऊन एकदा ब्रेक पूर्ण दाबावा. पायाखाली थरथर जाणवली, चाकांचे पट्टे जमिनीवर उमटले नाहीत आणि चारही वेग पडद्यावर एकत्र उतरले, म्हणजे गाडी मालकाच्या हवाली करावी, आणि काढलेला जुना भागही त्याला द्यावा.